आधी पूर्वसंमती, मगच खरेदी

ठिबक, शेततळं, सौर पंप, फळबाग, नैसर्गिक शेती. पाऊस असा बेभरवशाचा झाल्यावर शेती टिकवायला सरकार कशाकशाला पैसे देतं आणि ते पदरात कसे पडतात, यावर या महिन्यात इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : साहेब, आमचं गाव पोकराच्या, म्हणजे कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, दुसऱ्या टप्प्यात आलंय. साडेतीन एकर रान, सोयाबीन अन् तूर असती, आता थोडी हळद लावावी म्हणतो म्हणून ठिबक पाहिजे. दुकानदार म्हणतो सेट आत्ताच घेऊन जा, अर्ज-बिर्ज मी बघतो, सबसिडी मागून येती. घेऊ का? अन् ८० टक्के म्हणजे बिलाच्या ८० टक्केच ना? (ता. जिंतूर, जि. परभणी)

नका घेऊ, दादा. दुकानदार ओळखीचा असला, पाहुण्यातला असला तरी नका घेऊ. पोकरा असो नाहीतर महाडीबीटी हे राज्याच्या योजनांचं पोर्टल, क्रम एकच आहे: आधी अर्ज, मग कागद तपासणी, मग पूर्वसंमती, त्यानंतरच खरेदी आणि बसवणं, मग बिल अपलोड, मग साहेब रानात येऊन मोका तपासणी करणार, जिओटॅग फोटो काढणार, आणि सगळ्यात शेवटी खात्यात पैसे. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली की अर्ज तिथंच बाद, मग तुम्ही कितीही खरे असा आणि ठिबक कितीही चांगलं चालू असो. पूर्वसंमती आली की त्यावर मुदत दिलेली असते, तेवढ्यात काम उरकून बिल टाकायचं, नाहीतर ती संमती पण जाते.

आता ८० टक्क्यांचं. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक'मधून अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के मिळतात, त्यावर राज्य मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून भर घालतं आणि ते ८० आणि ७५ टक्क्यांवर जातं. दोन हेक्टर म्हणजे पाच एकरापर्यंतचा शेतकरी ८० मध्ये बसतो, तुमचं रान साडेतीन एकर म्हणजे तुम्ही बसता. पण हे ८० टक्के तुमच्या बिलाचे नसतात, सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडाचे असतात, आणि तो मापदंड दोन लॅटरलमधल्या, म्हणजे ठिबकच्या नळ्यांमधल्या, अंतरावर आणि क्षेत्रावर ठरतो. समजा बिल झालं एक लाख आणि मापदंडात बसतात ८० हजार, तर मिळणार ८० हजाराचे ८० टक्के, म्हणजे ६४ हजार. तुमच्या खिशातले २० हजार जातील असं धरून चालला होता, प्रत्यक्षात गेले ३६ हजार. म्हणून कोटेशन हातात आलं की कृषी कार्यालयात बसून विचारा की यातलं मापदंडात किती बसतं, आणि हे अर्ज करायच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

दुसरं, मला जे मनापासून खटकतं ते. पूर्ण रक्कम आधी शेतकऱ्यानं घालायची आणि अनुदान मागून, हा हिशोब ज्याच्याकडं पैसे आहेत त्याला सोपा जातो आणि ज्याच्यासाठी ८० टक्के ठेवलेत तोच सावकाराच्या दारात उभा राहतो. ठिबकचं अनुदान महिनोन् महिने अडकल्याच्या तक्रारी तर नेहमीच्याच आहेत. तेव्हा तीन रुपये शेकड्यानं पैसे काढून ठिबक बसवू नका, अनुदान येईपर्यंत व्याजातच ते निम्मं संपेल. काही विक्रेते शेतकऱ्याचा वाटाच तेवढा घेऊन बाकीसाठी थांबतात, तसं कुणी म्हणत असेल तर किती दिवस थांबणार ते कागदावर घ्या. नाहीतर सरळ एका एकराचंच करा. एकाच क्षेत्रावर सात वर्षं परत लाभ मिळत नाही हे खरं, पण उरलेल्या क्षेत्राचं नंतर बघता येतं.

पोकराचं थोडं सांगतो, कारण तिथं गोंधळ फार आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हे त्याचं पूर्ण नाव, जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये सुरू झाला, पहिल्या टप्प्यात मराठवाडा, विदर्भातले काही जिल्हे आणि जळगाव-नाशिककडची गावं होती. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे आहेत, मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे अकरा, शिवाय नाशिक आणि जळगाव. जिल्हा यादीत आहे म्हणजे गाव यादीत आहे असं नाही, गावाचं नाव स्वतः बघा. पोकराचं पोर्टल वेगळं आणि महाडीबीटी वेगळं, आणि एकाच गोष्टीसाठी दोन्हीकडून लाभ मिळत नाही.

आणि एक फुकटातलं सांगू का. तुमचं मुख्य पीक सोयाबीन आहे ना, मग हळदीच्या ठिबकाइतकंच रुंद सरी-वरंब्याकडं बघा, ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, मुळं गुदमरत नाहीत, आणि खंड पडला तर तेच सरीत मुरलेलं पाणी काही दिवस साथ देतं. बीबीएफ यंत्राला कृषी यांत्रिकीकरणातून अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के मिळतात, पण साडेतीन एकरासाठी यंत्र विकत घ्यायची गरज नाही. गावात भाड्यानं मिळत असेल तर ते घ्या, तेही नसेल तर साध्या पेरणी यंत्रानं ठरावीक ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा आणि डवरणीच्या वेळी तिथं सरी ओढून घ्या. याला पूर्वसंमती लागत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर वारून दोन वर्षं झाली. जमीन अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, सासरेही नाहीत. सेंटरवाला म्हणतो तुमचा फार्मर आयडी निघत नाही, त्यामुळं कोणताच अर्ज भरता येत नाही. दोन मुलं लहान आहेत, जेठ वेगळे राहतात. मी शेतकरी आहे हे कसं दाखवायचं? (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

ताई, तुम्ही शेतकरी आहातच, फक्त ते सातबाऱ्यावर यायचं राहिलंय. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतोच, आणि तो आधार आणि सातबारा जोडून निघतो, म्हणून सातबाऱ्यावर नाव नाही तर आयडी नाही. तेव्हा आत्ता ठिबक, फळबाग सगळं बाजूला ठेवा आणि आधी वारस नोंद करा.

याच कामासाठी सरकारनं १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली होती, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. तुमचं त्यात राहून गेलं असेल तर नेहमीच्या पद्धतीनं होतंच. सासऱ्यांचा आणि मिस्टरांचा, दोघांचेही मृत्यूचे दाखले, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि वयं, वारसाबाबतचं प्रतिज्ञापत्र आणि आधारच्या प्रती घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे आपल्या तलाठ्याकडं अर्ज द्या, किंवा ई-हक्क पोर्टलवरून ऑनलाइन करा. पोच घ्या. फेरफार नोंदला की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात.

आता नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडं बाईचं नाव नेमकं इथंच मागं पडतं. फेरफार झाला की सातबारा काढून स्वतः वाचा, नाहीतर विश्वासातल्या कुणाकडून वाचून घ्या. तुमचं नाव कब्जेदाराच्या रकान्यात पाहिजे. कितीतरी ठिकाणी मोठ्या भावाचं नाव 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागतं आणि विधवा बाई, मुली, लहान मुलं इतर हक्काच्या रकान्यात जाऊन बसतात. तिथं नाव असलं तर उद्या अनुदानाच्या अर्जात तुम्ही खातेदार धरल्या जात नाही. मुलं लहान आहेत म्हणून त्यांच्या नावापुढं 'अ.पा.क.' लागून पालक म्हणून तुमचं नाव येईल, ते बरोबर आहे, पण तुमचं स्वतःचंही वेगळं नाव वारस म्हणून आलंच पाहिजे.

त्यानंतर जेठांबरोबर सामाईक खातं राहील. सामाईक क्षेत्रावर अर्ज करायचा तर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. जेठांशी बोलणं नीट असेल तर संमतीपत्र घ्या आणि काम सुरू करा, आणि शक्य असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटणी करून घ्या, अशा वाटणीच्या दस्तावरची नोंदणी फी आता माफ झालीये. रागात काही करू नका, पण 'बघू पुढच्या वर्षी' असंही कुणाचं ऐकून घेऊ नका. प्रत्येक सही लागेल तेव्हा जेठांच्या दारात जायचं, हे आयुष्यभर चालायचं नाही. जवळच्या बचत गटातल्या एखादीला सोबत घेऊन जा, दोघी गेल्या की ऑफिसातही बोलायला बरं पडतं.

प्रश्न : माझी चार एकर डाळिंब बाग आहे. विहीर माझी आणि भावाची सामाईक, लाईटचं कनेक्शन भावाच्या नावावर. मला सौर पंप मिळेल का? आमचा जिल्हा पोकरात नाही. (ता. सांगोला, जि. सोलापूर)

सौर पंपाचा पोकराशी संबंध नाही, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना महावितरणकडं आहे आणि सगळ्या जिल्ह्यांना आहे. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्याच्या वर ७.५. तुम्हाला ५ एचपी बसेल. भरायचे १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची आणि विमाही असतो.

अडचण विहिरीची आहे. ज्या शेतकऱ्याकडं पारंपरिक वीज जोडणी नाही त्याच्यासाठी ही योजना आहे. कनेक्शन भावाचं असलं तरी विहीर एकच, त्यामुळं सर्व्हेला माणूस आला की हाच प्रश्न विचारणार. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद दोघांच्या नावानं आहे का बघा, भावाचं ना-हरकत लेखी घ्या, आणि पैसे भरायच्या आधी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात हे सगळं दाखवून विचारा. लपवून अर्ज केला आणि सर्व्हेत अडकला तर भरलेले पैसे परत मिळवताना जीव जाईल.

पैसे फक्त अधिकृत पोर्टलवरच भरा. केंद्राच्या पीएम-कुसुम या सौर पंप योजनेच्या नावानं खोट्या वेबसाइट चालतात म्हणून केंद्राच्या मंत्रालयानं वारंवार सावध केलंय. 'आज भरा, यादीत नाव लावतो' असा फोन आला की तो फसवणुकीचा, सरळ ठेवून द्यायचा.

आणि डाळिंबाला ठिबक असेलच, नसेल तर पंपाआधी ठिबक. सौर पंपाला बिल नाही म्हणून तो सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत चालतो, आणि सांगोल्यासारख्या भागात विहीर कोरडी पडायला तेवढं पुरतं.

प्रश्न : शेततळ्याला किती पैसे मिळतात? आमच्याकडं सगळे प्लास्टिक टाकून बोअरच्या पाण्यानं भरून ठेवतात, उन्हाळ्यात कामी येतं. मीही तसंच करावं म्हणतो. (ता. आष्टी, जि. बीड)

मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याला कमाल ७५ हजार आहेत, आकारानुसार कमी-जास्त. अर्ज महाडीबीटीवर, आणि तुमचं गाव पोकरात असेल तर आधी तिकडं बघा.

पण तुम्ही जे करावं म्हणताय ते करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. शेततळं कशासाठी आहे? पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवून, मधे पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की पीक वाचवण्यासाठी. जमिनीखालचं पाणी सावलीत, सुरक्षित साठलेलं असतं, ते बोअरनं वर ओढायचं, विजेवर खर्च करायचा आणि उघड्यावर उन्हात पसरून ठेवायचं, म्हणजे आष्टीच्या उन्हाळ्यात त्यातलं कितीतरी नुसतं उडून जाणार. आणि ते पाणी तुमच्या एकट्याचं नाही, शेजारच्या ज्याचं तळं नाही, ज्याचा बोअर दोनशे फुटांवरच थांबलाय, त्याच्या वाट्याचंही तेच आहे. दहा जणांनी असं केलं की मार्चमध्ये गावाच्या पिण्याच्या विहिरीवर टँकर लागतो. हवामान बदलाशी जुळवून घ्यायला म्हणून दिलेल्या पैशातून गावचा दुष्काळ आपणच ओढवून घेतो, आणि हे मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात उघड्या डोळ्यांनी दिसतंय.

हिशोब करून बघा. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं, काठ उतरते धरून सुमारे २२ लाख लिटर पाणी धरतं. पाच एकर सोयाबीन किंवा तुरीला पाच सेंटिमीटरचं एक पाणी द्यायचं तर लागतं सुमारे १० लाख लिटर. म्हणजे एका भरलेल्या तळ्यात, थोडं मुरलं-उडालं तरी, पाच एकराला दीड-दोन संरक्षित पाणी बसतात, आणि तुषार वापरलं तर अजून जास्त. खंड पडलेल्या वर्षात ते एक पाणीच निम्मं पीक आणि पूर्ण पीक यातला फरक असतो. म्हणून तळ्याची जागा आणि ओघळ हे आधी बघा, अनुदान त्यानंतर. पाणी वाहून येतं अशा उताराच्या अंगाला, आत येणारं पाणी गाळ टाकून येईल असा छोटा खड्डा आधी आणि जास्तीचं निघून जायला सांडवा. मुरमाड जमीन असेल तर अस्तरीकरणाशिवाय पाणी टिकणार नाही, काळ्या चिकण मातीत कदाचित लागणारही नाही. आणि कुंपण घाला, दरवर्षी शेततळ्यात लेकरं बुडाल्याच्या बातम्या येतात, प्लास्टिकवर पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. दोर आणि फुगवलेली ट्यूब काठाला कायम बांधून ठेवा.

प्रश्न : दोन वर्षं एसआरटीनं, म्हणजे सगुणा राईस तंत्रानं, भात करतोय, नांगरणी-चिखलणी नाही, खर्च बराच वाचतो. याला काही अनुदान मिळतं का? कोकणाला पोकरा का नाही? (ता. कर्जत, जि. रायगड)

कोकण पोकरात नाही, आणि याबद्दल तुमच्या लोकप्रतिनिधींना विचारायलाच हवं, अवेळी पावसानं कापलेला भात भिजतो आणि आंब्याचा मोहोर गळतो तेव्हा कोकणातलं नुकसान काही कमी नसतं.

न नांगरल्याबद्दल थेट खात्यात पैसे देणारी योजना नाही. तुम्ही नेरळच्या इतके जवळ आहात, जिथं चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र उभं केलं, तेव्हा तंत्राचं मी काय सांगणार. गादीवाफे कायम, भाताची मुळं जमिनीतच कुजू द्यायची, त्यानं माती वाहून जात नाही आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. तुम्हाला मदत मिळू शकते ती अवजारांना, महाडीबीटीच्या यांत्रिकीकरणातून.

वरकस जमिनीत आंबा, काजू लावायचा असेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना बघा, कोकणात १० गुंठ्यांपासून बसते. पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येतात, आणि पुढच्या हप्त्यासाठी झाडं जगलेली दाखवावी लागतात, कोरडवाहूत ८० टक्के, बागायतीत ९०. तेव्हा शंभर खड्डे मारण्यापेक्षा उन्हाळ्यात जेवढ्यांना पाणी घालता येईल तेवढेच मारा.

प्रश्न : नैसर्गिक शेतीला एकरी पैसे मिळतात म्हणे, नक्की किती? मी एकट्यानं अर्ज करू शकतो का? (ता. बार्शीटाकळी, जि. अकोला)

एकट्यानं नाही, भाऊ, शेतकऱ्यांच्या गटातून. केंद्राच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, त्यात शेतकऱ्याला एका एकरापर्यंत वर्षाला ४ हजार रुपये, दोन वर्षं. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांत हेक्टरी ३१ हजार ५०० धरलेत, पण त्यातले १५ हजारच थेट शेतकऱ्याच्या हातात येतात, बाकी प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्री यावर जातात. डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशनचं ऑफिस तुमच्या अकोल्यातच आहे, तिथं जाऊन तालुक्यात गट कुठं आहे ते विचारा. या पैशाकडं बघून सगळं रान एकदम बदलू नका, पहिली एक-दोन वर्षं उत्पन्न खाली येऊ शकतं आणि ४ हजारांत ते भरून निघत नाही. एक एकर करा, जीवामृत, आच्छादन, आंतरपीक यात हात बसू द्या.

प्रश्न : पोर्टलवर 'रक्कम वितरित' दाखवतं, खात्यात मात्र काहीच नाही. बँकवाले म्हणतात आमच्याकडं आलंच नाही. (ता. चाळीसगाव, जि. जळगाव)

बहुतेक दुसऱ्या खात्यात गेलंय. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही, जे खातं सध्या आधारला डीबीटीसाठी जोडलेलं आहे त्यात जातात. मधे कधी तुम्ही एखादं नवीन खातं उघडलं असेल, पेमेंट बँकेचं असेल, मोबाईलच्या दुकानात अंगठा दिला असेल, तर जोडणी तिकडं सरकलेली असू शकते. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव लगेच दिसेल. त्या बँकेत पासबुक भरून घ्या. पैसे तिथंही नसले, तर खातं बंद असल्यामुळं रक्कम परत गेली असेल, मग आधी आधार जोडणी चालू खात्यावर आणा आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तोंडी सांगून येऊ नका. पुढच्या वेळी अर्ज भरतानाच हे सीडिंग बघून घ्या, आणि सातबारा, आधार, पासबुक तिन्हीवर नाव सारखं आहे का तेही, 'पाटील' एकीकडं आणि नुसतं वडिलांचं नाव दुसरीकडं असं असेल तर तेव्हाच दुरुस्त करा.